खुनाच्या पोथ्या आणि समाप्तीचा शिरा

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा उन्हाळ्यातच फोन आला. "तुम्ही रहस्यकथा लिहिता, तर अलीकडे तुम्हाला काय काय आवडलं त्यावर लिहा. साहित्यिक कादंबऱ्या, नॉयर की काय म्हणतात त्या अंधाऱ्या गुन्हेकथा, काहीही चालेल. फक्त मनापासून लिहा." मनापासून म्हटल्याबरोबर मी डोक्याने लिहायला बसलो. पहिल्याच परिच्छेदात 'नैतिक अवकाशाची धूसर किनार' असं काहीतरी उतरलं. ते मला इतकं आवडलं की मी बायकोला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, या किनारीबद्दल आईला विचारलंत का? पुस्तकं तर तिनेही ऐकलीयेत."

मुद्दा बिनतोड होता. गेल्या वर्षभरात मी जे वाचलं ते सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा त्यांना वगळून माझी आवड सांगणं म्हणजे पंगतीत बसून एकट्यानेच ढेकर देणं झालं असतं. ती किनार मी खोडली. आता हे जसं घडलं तसं.

आधी माझ्याविषयी. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मी सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते तपासतो, आणि उरलेल्या वेळात माणसं मारतो. कागदावर. मापं तपासणाऱ्या माणसाच्या कादंबऱ्या तरी मापात असाव्यात, पण तसं नाही. एका कादंबरीत माझा खुनी विंचूरहून बसने निघतो आणि ती बस नाशिकला पोचायच्या आत नाशकात खून करून मोकळा होतो. हे माझ्या लक्षात आलं नाही, प्रकाशकाच्या आलं नाही. विंचूरच्या एका वाचकाच्या आलं. त्याने फोन करून अगदी नम्रपणे विचारलं, "ती कोणती गाडी, आम्हालाही सांगा की."

सासूबाई देवळ्याच्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण श्रावणात अख्ख्या गल्लीची पोथी त्याच वाचायच्या. बायका दुपारची कामं उरकून त्यांच्या ओट्यावर जमायच्या आणि यांचा खणखणीत आवाज पार कांद्याच्या चाळीपर्यंत ऐकू जायचा. मग एक डोळा काचबिंदूने गेला. कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने पोथी दिसत होती. पुढे त्या दुसऱ्यातही मोतीबिंदू उतरला आणि ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. पोथी दुसऱ्या एका बाईंकडे गेली. त्या बाई शब्दांची शेवटची अक्षरं गिळतात, असं म्हणून सासूबाईंनी ऐकायला जाणंही सोडलं. तेव्हा बायको त्यांना ऑपरेशनसाठी आमच्याकडे नाशकात, पाथर्डी फाट्याला घेऊन आली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, हा एकच डोळा आहे, म्हणून आपण काळजीने करू. पण उशीर नको. मोतीबिंदू जितका कडक होईल तितकं काम अवघड."

"करू की," सासूबाई म्हणाल्या. "कोण नाय म्हनतं?"

आणि नेमका त्याच आठवड्यात वाचनाचा नाद लागला.

झालं असं, की मला मोठ्याने वाचायची सवय आहे. पहिल्या पाळीवरून घरी आलो की चहा घेऊन बाल्कनीत बसायचं आणि स्वतःलाच वाचून दाखवायचं. शेजाऱ्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, फक्त ते त्या वेळी खिडकी लावून घेतात. त्या दिवशी मी एक इंग्रजी कादंबरी वाचत होतो आणि आवडलेली वाक्यं मराठीत करून बघत होतो. आतून आवाज आला, "जावईबापू, जे काय वाचताय ते इकडं येऊन वाचा. अर्धं अर्धं ऐकून माझं डोकं दुखाया लागलं."

बायकोने त्यांना मोबाइलवर पोथी लावून दिली होती, पण ती त्यांना पसंत नव्हती. "तो मानूस थांबतच नाय. मधी काय इचारलं तर उत्तर देत नाय. नुसता आपला पुढं पुढं." मी थांबायचो आणि उत्तरं द्यायचो, एवढ्यावर माझी निवड झाली.

आता सासूबाईंना मोठ्याने वाचायची एकच रीत ठाऊक होती, पोथीची. तीच त्यांनी खुनांना लावली. हातपाय धुऊन बसायचं. एका बैठकीला एक अध्याय, आणि सुरू केलेला अध्याय मधे सोडायचा नाही, दारात कुणीही येवो. दिवा लावायचा का, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ठरवलं, "दिवा नको. रगत लय हाय यात." अध्याय संपला की हातावर गूळ-शेंगदाणे. त्या वेळात त्यांच्या मांडीवर परात असायची, आणि ऐकता ऐकता त्या मेथी निवडायच्या. नजर नव्हती, बोटांना सगळं कळत होतं. ग्रंथ संपला की समाप्तीचा शिरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फलश्रुती. पोथीच्या शेवटी सांगतात ना, हे ऐकणाऱ्याला काय काय मिळेल, ते.

"आई, कादंबरीला फलश्रुती नसते."

"मग लोकं वाचतात कशाला?"

या प्रश्नावर मी मोठमोठ्या साहित्यचर्चा ऐकल्या आहेत. उत्तर कुठेच मिळालं नाही. म्हणून ठरलं, की फलश्रुती त्या स्वतःच सांगतील.

पहिली ती इंग्रजी कादंबरी. कुठल्याशा बर्फाच्या गावात एक पोलीस अधिकारी. बायको सोडून गेलेली, घरात फ्रीजमध्ये फक्त एक लिंबू. पुस्तकभर तो दारू पितो, बर्फ बघतो आणि जुन्या मित्राच्या खुनाचा माग काढतो. मला त्यातला थंडपणा फार आवडला होता. सासूबाईंना त्या माणसाची काळजी लागली. दर अध्यायाला विचारायच्या, "आज तरी जेवला का?"

"आई, खुनी जवळ आलाय."

"येऊ द्या. आधी मला सांगा, जेवला का तो?"

मी पानं चाळून बघायचो. नव्हता जेवला. मी ते पुस्तक आधी एकदा मनात वाचलं होतं, पण हा माणूस शेवटपर्यंत कुणाबरोबर एक घासही खात नाही, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी खुनी सुटतो आणि हा बर्फात एकटा उभा राहतो. सासूबाईंनी परात बाजूला ठेवली. "फलश्रुती," त्या म्हणाल्या, "जो कोनी ही कथा ऐकंल, त्यानं दुसऱ्याला हाक मारल्याबिगर ताटावर बसू नये." त्या दिवसापासून मी कारखान्यात डबा एकट्याने खात नाही. ज्याला हाक मारतो तो माझी भाजी संपवतो ही गोष्ट वेगळी.

दुसरी कादंबरी दक्षिणेकडच्या एका भाषेतून मराठीत आलेली. दोन भाऊ, एक विहीर आणि वाटून घेतलेलं पाणी. खून होणार हे पहिल्या पानापासून कळतं, आणि लेखक तो करतच नाही. पेरणी होते, लग्न होतं, म्हैस विते. मी अस्वस्थ. माझ्या पुस्तकात एव्हाना तीन प्रेतं पडली असती. सासूबाई मात्र निवांत. "घाई कशाला? भाऊबंदकी हाय. पिकू द्या." मग एका अध्यायाच्या मधोमध, वैरण टाकण्याच्या वाक्याला जोडून, एका ओळीत तो खून येतो आणि पुढच्या ओळीत पुन्हा वैरण. मी वाचताना अडखळलो. सासूबाईंचे हात थांबले. बराच वेळ मेथीची एकच काडी धरून त्या बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "असंच होतं. आमच्याकडं झालेलं असंच." काय झालेलं, ते मी विचारलं नाही. फलश्रुती अशी सांगितली: विहिरीवरची मोटार चालू करायच्या आधी भावाला आवाज द्यावा.

समाप्तीचा शिरा खाताना बायको म्हणाली, "आई, आता तारीख घेऊया ना?"

"घे की. पन यांनी नवीन लावलंय ना, तेवढं होऊ दे. मधी सोडू नये."

नवीन लावलं होतं खरं. पोथी संपली की तिथेच थांबू नये, पुढचं थोडं वाचून ठेवावं, असा त्यांचा नियम होता. म्हणून शिरा परतला जात असतानाच त्यांनी माझ्याकडून पुढच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचून घेतला होता. आणि एकदा अध्याय लागला म्हणजे ग्रंथ पुरा करणं आलं.

पुस्तकं त्याच निवडत. मी वाचनालयातून चार-पाच आणून त्यांच्यापुढे ठेवायचो. त्या एकेक हातात घेत, तळहातावर जोखून बघत, जशी बाजारात मेथीची जुडी जोखावी. मला कौतुक वाटायचं. मी कारखान्यात लोकांना सांगायचोही, की आमच्या सासूबाईंना नुसत्या स्पर्शाने चांगलं पुस्तक कळतं.

तिसरं पुस्तक त्यांनी असंच उचललं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक कारागीर स्वतःच्याच गुन्ह्याची गोष्ट सांगतो, आणि सांगताना मोठमोठ्या इमारतींतल्या सगळ्या मजल्यांवरची माणसं सांगत सुटतो. पुस्तक उशीएवढं. मला ते अतिशय आवडलं, अजूनही आवडतं, कारण त्यातला गुन्हेगार खोटं बोलतोय हे कळतं आणि तरी त्याच्या बाजूने व्हावंसं वाटतं. आमचं त्या मजल्यांवर चढणं-उतरणं चालू असताना उन्हाळा सरला, पाऊस लागला, डॉक्टरांकडून दोनदा फोन आला. सासूबाई आता चहाचा कप शोधताना हात टेबलावर फिरवू लागल्या होत्या.

एका संध्याकाळी बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अहो, एक विचारू? पहिलं पुस्तक केवढं होतं?"

"बारीकच होतं."

"दुसरं?"

"त्याहून जरा जाड."

"आणि आता हे?"

मी हाताने उशी दाखवली आणि हात तसाच हवेत राहिला.

"तुम्ही रहस्यकथा लिहिता," बायको म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता, पण मला उत्तर द्यावंसं वाटलं.

म्हणजे मी पुस्तकं वाचत होतो आणि माझ्यासमोर बसून एक बाई दिवस ढकलत होती. साधा हिशेब होता. एक डोळा गेलेला. उरलेल्यात निदान उजेड तरी दिसतोय, माणसाचा आकार तरी कळतोय. त्याला हात लावला आणि तोही गेला तर? ही भीती त्यांनी ना लेकीला सांगितली ना डॉक्टरांना. फक्त म्हणायच्या, मधी सोडू नये. पोथीला कोण नाही म्हणणार?

बायकोने त्या रविवारी सरळ विषय काढला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माय, तुला दोन हायेत." बायको उठून गॅलरीत गेली. माझ्या पुस्तकात अशा वेळी इन्स्पेक्टर सिगारेट पेटवतो. मी पीत नाही.

लिफ्टवाल्याची समाप्ती झाली. शिरा झाला. पुढचा अध्याय लावायची वेळ आली तेव्हा माझ्याजवळ एकच न वाचलेलं पुस्तक होतं, कारण पावसामुळे वाचनालयात जाणं झालं नव्हतं. पातळ होतं. सासूबाईंनी हातावर घेतलं, तोंड वाकडं केलं, पण नियम म्हणजे नियम.

ती मराठीच कादंबरी, एका नव्या लेखकाची. धरणाखाली गेलेल्या गावातल्या एक शिक्षिका बेपत्ता असतात. गाव उठलं, सगळे गेले, त्या कुठेच पोचल्या नाहीत. अनेक वर्षांनी त्यांचाच एक विद्यार्थी त्यांचा शोध घेत हिंडतो. प्रत्येक जण वेगळंच सांगतो, आणि प्रत्येकाचं खरं वाटतं. मग एका कोरड्या वर्षी पाणी ओसरतं आणि चिखलातून गाव वर येतं. बाईंचं घर उभं असतं. दार बंद असतं, बाहेरून कडी. तो विद्यार्थी चिखल तुडवत तिथवर जातो. मी वाचलं, "त्याने कडी हातात घेतली." आणि थांबलो.

"पुढं?"

"संपलं, आई."

"अध्याय संपला?"

"पुस्तक संपलं."

सासूबाईंनी मेथी खाली ठेवली. "कडी काढली का त्यानं?"

"लिहिलं नाहीये."

"बाई आत हाय का?"

"ते आपण ठरवायचं असतं. आजकाल अशीच पद्धत आहे. खुला शेवट म्हणतात."

सासूबाई रागावल्या की त्यांच्या बोलण्यात माहेर येतं आणि 'आहे'चं 'शे' होतं. "खुला म्हनजे काय शे? एवढं मानूस हिंडवलं, चिखलात नेलं, आनि दारात सोडून गेला? असं कोनी करत नसतं. जावईबापू, तुमी पानं गाळली."

"आई, शपथ!"

"तुमी गाळली. लेकीनं सांगितलं आसंल, लवकर उरका म्हनून. पोथीची पानं गाळली तुमी!"

आयुष्यात माझ्यावर वाङ्मयीन आरोप खूप झाले. पाल्हाळ, योगायोग, ती विंचूरची बस. पण दुसऱ्याच्या पुस्तकाची पानं गाळल्याचा आळ पहिलाच. मी बायकोला बोलावलं. तिने शेवटचं पान वाचून दाखवलं. "त्याने कडी हातात घेतली." सासूबाई म्हणाल्या, "तू बी त्याच्यातलीच." समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना बोलावलं. त्यांनीही तेच वाचलं. "तुमी शिकवून आनलं त्यांना."

त्या दिवशी शिरा झाला नाही. समाप्तीच झाली नाही तर शिरा कसला? पुढचं पुस्तकही लागेना, कारण हे पुरं व्हायचं होतं. सासूबाई ते पातळ पुस्तक उशाशी घेऊन बसल्या. मधूनच उघडायच्या, डोळ्याच्या अगदी जवळ धरायच्या, मग खिडकीकडे करून, मग लांब. धुकंच धुकं. मला बघवेना. रात्रीच्या जेवणाला, मला हाक मारून, ताटावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "तारीख घ्या. डोळा करते मी. त्या पानावर काय शे ते माझं मी बघते."

बायकोने उष्ट्या हातानेच डॉक्टरांचा नंबर शोधला.

ऑपरेशनच्या दिवशी त्या पुस्तकासह गेल्या. त्यांचा हुकूम होता की पुस्तक पिशवीत घ्यायचं आणि पिशवी लेकीजवळ राहील, जावयाजवळ नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बायकोने हळूच विचारलं, "मुद्दाम आणलंत ना ते पुस्तक? शेवट असा आहे म्हणून?"

खरं म्हणजे ते मी नुसतं मुखपृष्ठ चांगलं होतं म्हणून उचललं होतं. हो म्हणायची फार इच्छा झाली. पण मी त्या बंद दाराकडे बघत होतो आणि मला एकच दिसत होतं. आत काही कमी-जास्त झालं तर तो उजेडसुद्धा जाईल, आणि त्याचं कारण एक पातळ कादंबरी असेल, जी मी घरात आणली. लिहिताना मी किती सहज लोकांना अशा दारांबाहेर बसवलंय! "त्याने अस्वस्थपणे घड्याळ पाहिलं," एवढ्यात भागवतो. पुन्हा नाही भागवणार.

"नाही," मी म्हटलं. "योगायोग."

"तुमच्या कादंबरीत असता तर मी हसले असते," ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, सासूबाईंनी ती बरोबर मोजली. मग त्या मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढे केस कधी गेले हो? मला वाटलं टोपी घालता."

बायको हसता हसता रडायला लागली. मी माझ्या टकलावरून हात फिरवला. इतका आनंद त्याने मला आधी कधीच दिला नव्हता.

काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, हे सगळं पार पडलं. मग वाचायचा चष्मा लागला. सकाळी त्या खिडकीशी बसल्या, हात धुऊन. पुस्तक मांडीवर. शेवटचा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला, ओळीखाली बोट ठेवून, पोथीच्या चालीत. धरणाचा चिखल त्या चालीत इतका चांगला वाटला की लेखकाला बोलावून ऐकवावं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पान उलटलं. कोरं. आणखी एक उलटलं. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. तीही सगळी वाचली, काही राहिलंय का म्हणून. पानांचे आकडेही बघितले.

"खरंच नाय लिहिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर उगाच आळ घेतला."

"राहू द्या हो आई. पण तुम्हाला काय वाटतं? त्याने कडी काढली असेल?"

चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "हातात घेतली ना? मग काढनारच."

"आणि आत?"

"ते मला काय ठावं? काढल्यावर दिसंल." आणि लेकीला हाक मारून म्हणाल्या, "रवा भाज गं. आज समाप्ती."

संपादकसाहेब, तर ही माझी आवडती पुस्तकं. धूसर किनार वगैरे त्यांत असेलही, मला नीट बघता आली नाही.

सासूबाई अजून आमच्याकडेच आहेत. श्रावणात देवळ्याला जाऊन पोथी परत घेणार म्हणतात, त्या अक्षरं गिळणाऱ्या बाईंना निरोपही गेला आहे. तोवर चहानंतरची बैठक चालू आहे, फक्त जागा बदलल्या. आता त्या वाचतात आणि परात माझ्या मांडीवर असते. परवा त्यांनी कपाटातून माझीच कादंबरी काढली, हातावर जोखली, "हलकी हाय" म्हणाल्या आणि सुरू केली. तिसऱ्या अध्यायात गोदाकाठच्या संध्याकाळचं एक पानभर वर्णन आहे. माझ्या मते मी आजवर लिहिलेलं सर्वांत चांगलं पान. मी मेथी निवडता निवडता त्याची वाट बघत होतो. त्यांनी जिभेला बोट लावलं, पान उलटलं आणि एकदम पोलीस दारात आले.

"आई," मी म्हटलं, "पान गाळलंत तुम्ही."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आता त्यांना नीट दिसतं.

"त्या पानात कोनी मेलं का?"

"नाही."

"मग निवडा गुपचूप. काड्या राहताहेत तुमच्या."